घरचा माणूस कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये आहे, रजा कशी काढायची? फर्लो, पॅरोल आणि मुदतपूर्व सुटकेची पहिल्यापासून माहिती

कोणी रजेबद्दल विचारायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतोय, माणूस कच्चा की पक्का? म्हणजे केस अजून चालू आहे का शिक्षा लागली आहे? कारण निम्मे लोक इथंच चुकीच्या रस्त्याला लागतात, पोरगं तीन महिन्यापूर्वी आत गेलंय, चार्जशीट पण नाही झाली आणि आई म्हणते साहेब पॅरोलवर सोडवा. कच्च्या कैद्याला पॅरोल पण नाही आणि फर्लो पण नाही. त्याचा रस्ता म्हणजे कोर्टातून जामीन, आणि घरात कोणाचं काही बरंवाईट झालं असेल तर त्याच कोर्टात तात्पुरत्या जामिनाचा अर्ज. नव्या कायद्यात, म्हणजे बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर जामिनाची सोय आहे, बाकीच्यांना निम्मा काळ, पण फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना ते लागू नाही आणि अंगावर एकापेक्षा जास्त केसेस असतील तरी अडतंय. ते वकिलाशी बोला. आणि शिक्षा लागली आहे पण वरच्या कोर्टात अपील टाकलंय, असं असेल तर अपिलाच्या कोर्टातच त्याच कायद्याच्या कलम ४३० खाली शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो, तोही विषय वेगळा.

हा लेख पक्क्या कैद्याचा, म्हणजे शिक्षा लागलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी. मी वकील नाही, विधी सेवेचा स्वयंसेवक म्हणून लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळं जे रोज बघतो ते सांगतोय.

फर्लो, पॅरोल, मुदतपूर्व सुटका: तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका

इंग्रजी पिक्चरमध्ये पॅरोल मिळाला की माणूस सुटला, शिक्षेचा उरलेला काळ बाहेर काढायचा, असं दाखवतात. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं पॅरोल म्हणजे ठरलेल्या दिवसांची रजा, तारीख संपली की परत गेटवर हजर. सरकारी कागदावर पॅरोलला अभिवचन रजा लिहितात आणि फर्लोला संचित रजा, हे शब्द लक्षात ठेवा कारण जेलकडून येणाऱ्या पत्रात पॅरोल-फर्लो असं लिहिलेलं नसतंय आणि लोक पत्र हातात घेऊन फिरत बसतात की हे काय आलंय. या दोन्ही रजांचे नियम १९५९ सालचे आहेत, त्यात २०१६ आणि २०१८ मध्ये मोठे बदल झाले, अधूनमधून आणखी होत असतात, म्हणून अर्ज टाकायच्या दिवशी जेलच्या न्यायविभागात सध्याचा नियम काय ते विचारून घ्यायचंच.

फर्लोला कारण लागत नाही. माणूस बरीच वर्षं आत आहे, वागणूक चांगली आहे, घरच्यांशी संबंध तुटू नये म्हणून वर्षाकाठी काही दिवस घरी जाऊ द्यायचं, एवढाच तिचा हेतू. नोकरीतल्या साठलेल्या रजेसारखी समजा. पण हक्क म्हणून भांडता येत नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये गुजरातच्या नारायण साई प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही, समाजाला धोका वाटला तर नाकारता येते. पहिल्यांदा फर्लो कधी मिळणार हे शिक्षा किती यावर आहे, छोट्या शिक्षेला लवकर, जन्मठेपवाल्याला बरंच उशिरा, आणि मोजतात ती प्रत्यक्ष आत काढलेली वर्षं, माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, धरून नाही. कच्चा असताना काढलेले दिवस शिक्षेत वळते होतात, त्याला सेट-ऑफ म्हणतात, ते नीट धरलेत का ते बघा.

पॅरोलला कारण लागतं आणि कारणाचा पुरावा लागतो. त्यात दोन प्रकार. एक इमर्जन्सी, आई, वडील, नवरा-बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा वडिलांकडचे आजी-आजोबा यापैकी कोणी गेलं तर, किंवा मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांचं लग्न असेल तर, १४ दिवसांची रजा, आणि ही वाढवून मिळत नाही. चुलता, मामा, मेहुणा, चुलतभाऊ यादीत नाहीत, कितीही जीवाचा असला तरी. दुसरा रेग्युलर पॅरोल, घरच्या जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण, बायकोची डिलिव्हरी, घर पडलं, पूर, आग, भूकंप. आपल्या भागात पुराचं कारण कोणाला समजावून सांगावं लागत नाही, २०१९ आणि २०२१ ला शिरोळ, करवीर, हातकणंगल्याकडं किती घरं बसली ते सगळ्यांनी बघितलंय.

हिशोबाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक हा की फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, म्हणजे माणूस घरी जेवतोय आणि तिकडं शिक्षा संपत चाललीय, पण नियम मोडला तर ते दिवस जातात. पॅरोलचे दिवस धरत नाहीत, तेवढी शिक्षा पुढं सरकते. २०२३ ला गोव्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. म्हणून ज्याची फर्लो ड्यू आहे आणि घरी तसं काही तातडीचं नाही त्याने उगाच आजारपणाचे कागद गोळा करून पॅरोलच्या मागं लागू नये, फर्लोच टाकावी. हे माझं मत, आणि आतली जुनी माणसं पण हेच सांगतात.

अर्ज आतून जातो, पण काम बाहेर असतंय

अर्ज कैद्याने स्वतः आत द्यायचा, जेल अधीक्षकांच्या नावाने. छापील फॉर्म आतच मिळतो, लिहिता येत नसेल तर आत विधी सहाय्य क्लिनिकमधले स्वयंसेवक लिहून देतात. याला वकील लागत नाही आणि फी पण नाही. जेलच्या बाहेर, कोर्टाच्या बाहेर कोणी भेटला आणि म्हणाला माझी वरपर्यंत ओळख आहे, इतके द्या पंधरा दिवसात माणूस घरी, तर चहा पिऊन उठा. चहाचे पैसे पण त्यालाच देऊ दे.

इमर्जन्सीत मात्र घरच्यांनी स्वतः धावावं लागतं, कारण आतल्या माणसाला कळायलाच वेळ लागतो. मयत झाली तर डॉक्टरचा दाखला, नाहीतर सरपंच किंवा पोलीस पाटलाचं पत्र, शहरात असाल तर नगरसेवकाचं चालतंय का ते विचारून घ्या, आणि ते घेऊन थेट जेलच्या गेटवर. मृत्यूच्या कारणासाठी अधीक्षकांच्याच पातळीवर निर्णय होतो म्हणून हे लवकर होऊ शकतं, पण पोलीस ठाण्याकडून खातरजमा होतेच, त्यामुळं तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात पण एकजण जाऊन बसलेला बरा. मोठा गुन्हा असेल तर पोलीस बंदोबस्तात नेऊन आणतात. लग्न असेल तर पत्रिका एकटी पुरत नाही, हॉलची पावती, दोन्हीकडच्या लोकांचे जबाब, आणि अर्ज महिना दीड महिना आधी. आमच्याकडं एक काकी साखरपुड्याच्या दिवशी फोन करून म्हणाल्या लग्न रविवारी आहे, भाऊ येईल का? त्यांना काय सांगणार.

फर्लोचा अर्ज जेलमधून विभागीय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे जातो, कळंबा पश्चिम विभागात येतं, ऑफिस येरवड्याला. रेग्युलर पॅरोल विभागीय आयुक्तांकडे, कोल्हापूर जिल्हा पुणे विभागात म्हणजे तेही पुण्यालाच. पण पुण्याला जायची काहीच गरज नसते. कारण दोन्हीकडं बसलेला अधिकारी तुमच्या माणसाला ओळखत नाही, तो वाचतो दोन कागद, एक जेलचा वागणुकीचा अहवाल, दुसरा तुमच्या गावच्या पोलिसांचा अहवाल. पहिला आतल्या माणसाच्या हातात, दुसरा तुमच्या. मी बघतो त्या नाकारलेल्या अर्जांपैकी बहुतेक या दुसऱ्या कागदावर पडलेले असतात.

आणखी एक, माणूस कळंब्यातच असला पाहिजे असं नाही, कोल्हापूरचा माणूस येरवड्यात असतो आणि सोलापूरचा इथं. पोलीस अहवाल मात्र जिथं रजेत राहणार तिथल्या ठाण्याचा लागतो.

जामीनदार

जामीनदार शक्यतो रक्ताचा नातेवाईक बघा, आणि ज्याच्या घरात माणूस राहणार तोच असला तर उत्तम. कागद काय, आधार, रेशन कार्ड, लाईट बिल, शहरात घरफाळ्याची पावती, गावाकडं सातबारा नाहीतर आठ-अ, दोन फोटो. साधं वाटतंय पण घोळ नावात होतो. रेशन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर अजून मयत सासऱ्याचं नाव, मग पोलीस लिहितात जामीनदाराच्या नावे मिळकत नाही. सातबारा एका रात्रीत बदलणार नाही, तेव्हा ज्याचे कागद सरळ आहेत असा दीर, भाऊ, मेहुणा शोधा, भावनेपेक्षा कागद बघा.

आणि ज्याला जामीनदार करताय त्याला पूर्ण सांगून करा. माणूस वेळेत परत गेला नाही तर बाँडची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते, माणूस गायब झाला तर पोलिसांना कळवायची जबाबदारी त्याची. “नुसती सही करायची आहे दादा” म्हणून आणलेला जामीनदार चौकशीच्या वेळी हमखास पलटतो.

जामीनदारच मिळत नसेल, घरच्यांनी तोंड फिरवलं असेल, तर तसं स्पष्ट लिहून अट शिथिल करायची विनंती करता येते, आणि तिथं नाही झालं तर हायकोर्टात मागता येतं, हायकोर्टाने अशी अट सैल केलेली प्रकरणं आहेत.

पोलीस चौकशीचा दिवस

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक याकडंच दुर्लक्ष करतात. अर्ज गेल्यावर जेल तुमच्या जिल्ह्याच्या पोलिसांना पत्र पाठवतं, ते फिरत फिरत तुमच्या ठाण्यात येतं, तिथं एका हवालदाराकडं मार्क होतं. मग एक दिवस ते घरी येतात, बहुतेक दुपारी, जेव्हा कमावती माणसं बाहेर असतात आणि घरात म्हातारी आणि सून.

प्रश्न साधे असतात. घरात कोण कोण राहतंय, कमावतंय कोण, तो आल्यावर झोपणार कुठं, काम काय करणार, फिर्यादीचं घर इथून किती लांब, आता त्यांच्याशी बोलणं आहे का? यावर वहिनी बिचाऱ्या घाबरून म्हणतात, “बघू की साहेब, आल्यावर ठरवू.” हे “बघू की” कागदावर येतं तेव्हा “जामीनदार जबाबदारी घेण्यास इच्छुक नाही” असं होऊन येतं. हवालदाराने मुद्दाम केलं असं नाही, त्याला दिवसभरात असे चार जबाब घ्यायचे असतात आणि त्याने ऐकलं तेच लिहिलं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला आधी बसवून सांगा. उत्तर असं पाहिजे की तो आमच्याकडं राहणार, मधल्या खोलीत, दिराबरोबर शेतावर जाणार, तारखेला आम्ही स्वतः जेलला सोडून येणार. खोटं काही नको, फक्त ठरवलेलं असावं. आणि जबाब वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा नाही. “साहेब एकदा वाचून दाखवा की” असं नम्रपणे म्हटलं तर कोणी चिडत नाही.

शेजाऱ्यांचे जबाब घेतात, फिर्यादीचा पण घेतात. फिर्यादीने हरकत घेतली म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण “हा गावात आला तर भांडण होईल” असं आलं की अहवाल विरोधात जातो, आणि खरं सांगायचं तर त्यांची भीती पण खोटी नसते, त्यांचं माणूस गेलेलं असतं, त्यांनी हरकत घेतली म्हणून त्यांच्या दारात जाऊन विनवण्या किंवा दमदाटी अजिबात करायची नाही, दमदाटी केली तर नवीन गुन्हा आणि रजा पण कायमची लांब. आपल्याकडं निम्मी प्रकरणं भावकीतली, बांधावरनं नाहीतर वाटणीवरनं, फिर्यादी आणि आरोपी एकाच गल्लीत, भिंतीला भिंत. अशा वेळी सरळ राहण्याचं ठिकाण बदला. बहिणीचं घर गडहिंग्लजला आहे, सासुरवाडी इचलकरंजीला आहे, तिथला पत्ता द्या, जामीनदार तिथला द्या, आणि अर्जातच लिहा की रजेच्या काळात मूळ गावात जाणार नाही. आई तिकडं भेटायला जाईल. मी बघितलंय, आधी नाकारलेला अर्ज पत्ता बदलल्यावर निघालेला आहे.

गावची यात्रा, निवडणूक, गणपती अशा दिवसात रजा मागितली तर बंदोबस्ताचं कारण येतं. तारीख मागंपुढं करता येत असेल तर करा.

ऑर्डर आली की

ऑर्डर हातात आली की आधी पूर्ण वाचा. किती दिवस, कुठं राहायचं, कोणत्या पोलीस ठाण्यात कधी हजेरी, जामीन किती रकमेचा, रोख किती भरायचे, हे सगळं त्यात असतंय. ऑर्डर येऊन पण जामीनाची पूर्तता झाली नाही म्हणून माणूस आतच, असं आठवडे-आठवडे चालतं. पैसे आणि जामीनदार आधीच तयार ठेवा. येण्या-जाण्याचा खर्च आपला.

बाहेर आल्यावर पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, आणि प्रत्येक हजेरीची नोंद झाली का ते बघा, जमलं तर कागदावर शिक्का-सही घ्या. ठरलेला पत्ता सोडून दुसरीकडं मुक्काम नाही, जोतिबाला जाऊन येतो म्हणून गेला आणि रात्री तिथंच राहिला, हे पण नाही. दारू, जुने मित्र, यावर मी काही सांगायची गरज नाही, घरच्यांनी सांगा.

परत जाणं

वेळेत परत न जाणं हे एकच कारण असं आहे की ज्याने पुढची सगळी दारं बंद होतात. माफीचे दिवस कापले जातात, पुढची फर्लो-पॅरोल अडते, मुदतपूर्व सुटकेच्या फाईलवर शेरा येतो, वर पोलिसात नवीन गुन्हा, पूर्वी आयपीसी (भारतीय दंड संहिता) २२४ लागायचं, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २६२. कोरोनात मे २०२० च्या बदलाने ४५ दिवसांचा इमर्जन्सी पॅरोल दिला होता, मुदत वाढत वाढत गेली, आणि पुढं परत बोलावल्यावर बरीच माणसं गेलीच नाहीत, काहींना पत्र मिळालं नाही, काहींना वाटलं अजून वाढेल. त्यातल्या लोकांवर गुन्हे झाले आणि आजही त्यांच्या रजेच्या अर्जात ते आडवं येतंय. “वाढेल” यावर कधी बसू नका. मुदतवाढीचा अर्ज टाकलाय म्हणजे मुदत वाढली असं होत नाही, लेखी ऑर्डर हातात नाही तोवर जुनी तारीखच खरी.

शेवटच्या दिवशी सकाळी निघा. संध्याकाळी बंदीच्या, म्हणजे कैदी कोंडायच्या वेळेच्या, आत पोचायचं म्हणून चारला घरातून निघणारे लोक आहेत आणि मग कोल्हापुरातल्या संभाजीनगरला ट्रॅफिकमध्ये अडकून रडत फोन करतात. पावसाळ्यात तर एक दिवस आधी कोल्हापुरात येऊन राहा, पंचगंगा चढली की शिरोलीजवळ हायवे बंद होतो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येक दिवस बंद होता. आणि खरंच अडकलाच, पूर, अपघात, दवाखाना, तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन स्टेशन डायरीला नोंद करायची, जेलला फोन करायचा, नोंदीची प्रत घ्यायची. दवाखान्यात असाल तर सीपीआरचा (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा दुसऱ्या सरकारी दवाखान्याचा कागद खासगीपेक्षा जास्त चालतो. नोंद असली की उशीर “पुरेसं कारण” ठरू शकतो, नोंद नसली की फरार.

नाकारलं तर

नाकारल्याचं पत्र मागून घ्या, त्यात कारण काय लिहिलंय ते महत्त्वाचं. काही गुन्ह्यात फर्लोच्या नियमातच बंदी आहे, दरोडा, ड्रग्ज, दहशतवाद वगैरे, शिवाय आधी पळून गेलेला, आत मारामारी करणारा. तसं असेल तर लढाई अवघड. पण कारण “पोलीस अहवाल प्रतिकूल” एवढंच असेल तर जागा आहे. फर्लो नाकारली तर पुण्यात अपर पोलीस महासंचालक व कारागृह महानिरीक्षकांकडे अपील, पॅरोल नाकारला तर गृह विभागाकडे, दोन्ही आतूनच जातात. अपिलात रडगाणं नको, नाकारण्याचं कारण घ्या आणि त्यालाच उत्तर द्या, उदाहरणार्थ आधीच्या रजेतून अमुक तारखेला वेळेत परत आलो होतो, आता राहण्याचा पत्ता बदललाय, नवीन जामीनदाराचे कागद सोबत.

तिथंही नाही झालं तर हायकोर्टात रिट याचिका. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, आणि आजऱ्या-चंदगडच्या माणसाला ते म्हणजे दोन दिवसाची मजुरी, गाडीभाडं, कुठं उतरायचं इथपासून अडचण. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालंय, सीपीआरच्या समोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात आहेत. वकिलाचे पैसे नसतील तर अडायचं कारण नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर १५१०० वर फोन करा.

मुदतपूर्व सुटका, म्हणजे अटींवर कायमचं बाहेर

“जन्मठेप म्हणजे १४ वर्षं” हे डोक्यातून काढून टाका. १९६१ पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय, जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, जोवर सरकार उरलेली शिक्षा माफ करत नाही तोवर. १४ हा आकडा येतो तो आता बीएनएसएस कलम ४७५ मधून, जुनं ४३३-अ, ज्या गुन्ह्यात फाशी होऊ शकत होती पण जन्मठेप झाली अशा माणसाला १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सोडताच येत नाही. म्हणजे १४ ला दार उघडतं असं नाही, १४ पर्यंत दार उघडूच शकत नाही. त्यापुढं किती हे राज्याच्या धोरणात ठरतं, महाराष्ट्रात १९९२ आणि २०१० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, गुन्हा कसा घडला त्यावरून गट पाडलेत, एकट्याने रागाच्या भरात केला का टोळीने ठरवून, बाईवर-लहान मुलावर का, क्रूरपणे का, आणि प्रत्येक गटाला माफी धरून वेगळी वर्षं. कोणतं धोरण लागणार? शिक्षा लागली त्या दिवशीचं, आणि नंतरचं जास्त फायद्याचं असेल तर ते, असं सुप्रीम कोर्टाचं २०१० पासूनचं म्हणणं आहे. म्हणून जुन्या कैद्याच्या फाईलमध्ये कोणता गट धरलाय हे विचारून घ्या, चुकीच्या गटात टाकलेली माणसं चार-चार वर्षं जास्त बसतात.

प्रस्ताव जेल तयार करतं. त्यात परत पोलिसांचा अहवाल, जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसर) घरची परिस्थिती बघून अहवाल, शिक्षा दिलेल्या कोर्टाचं मत, सल्लागार मंडळाची शिफारस, आणि शेवटी गृह विभागाचा निर्णय. परिविक्षा अधिकारी घरी येतो तेव्हा तेच, माणूस आल्यावर राहणार कुठं, खाणार काय, हे ठरलेलं दाखवा, शक्य असेल तर गावातला कोणी काम द्यायला तयार आहे असं लेखी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धोरण असेल तिथं पात्र कैद्याचा विचार सरकारने अर्ज नसला तरी करायचाच. चांगली गोष्ट आहे. तरी अर्ज टाका, फाईल आपोआप हलेल म्हणून बसून राहू नका.

सुटका झाली तरी अटी असतात, बाँड लिहून द्यावा लागतो, ठराविक काळ पोलीस ठाण्यात हजेरी, नवीन गुन्हा करायचा नाही. अटी वाजवी असल्या पाहिजेत हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलंय. अट मोडली तर बीएनएसएस कलम ४७३ खाली माफी रद्द होऊ शकते, वॉरंटशिवाय उचलतात आणि उरलेली शिक्षा परत भोगावी लागते. म्हणून सुटकेच्या ऑर्डरची प्रत घरात दोन ठिकाणी ठेवा, पाच वर्षांनी कोणी विचारलं तर अट काय होती ते दाखवता आलं पाहिजे.

एक रस्ता लोकांना माहीतच नसतो, खुलं कारागृह. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाच्या काळात १९३९ ला सुरू झालेली वसाहत, तिथं कैदी शेती करतात आणि बायकापोरांना बरोबर ठेवता येतं. माफीचे दिवस बंद जेलपेक्षा जास्त पडतात, म्हणजे सुटकेची तारीख लवकर येते. निवड होते ती चांगल्या वागणुकीवर, आणि रजेवरून प्रत्येक वेळी वेळेत परत आलाय का हे तिथं पहिलं बघतात. आतल्या माणसाने वर्गीकरण समिती बसते तेव्हा नाव द्यायचं, पुढच्या मुलाखतीला गेलात की त्याला एवढं विचारा, नाव दिलंय का.